गिरणीवालीचा पगार

आमच्या गिरणीवर दिवसभरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "वहिनी, आधी कशावर दळलंय?" ज्वारीत गव्हाचं पीठ उतरलं तर भाकरी थापताना हाताला कळतं, गव्हात बेसन आलं तर पोळीला वास येतो. त्यामुळे प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. त्याच्या खालोखाल जे ऐकू येतं तो प्रश्न नसतोच. "तुमचं बरंय बाई, घरच्या घरी धंदा. पोरांकडं बघत बघत होतंय." यावर मी नुसती हसते, कारण तेव्हा हातात कुणाचा तरी डबा असतो आणि मोटर चालू असताना लांबलचक बोलता येत नाही. ते लांबलचक आज लिहून टाकते. दिवाळी झाली, चकलीच्या भाजण्या संपल्या, जरा उसंत आहे.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या एका पेठेत आमची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर, आणि वर जायचा जिना गिरणीच्या आतून. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९८८ साली जागा वाचावी म्हणून तो तसा काढला. त्यामुळे आमच्या घरात येणारी प्रत्येक गोष्ट पिठातून वर जाते. दप्तरं, भाजी, पाहुणे, लग्नपत्रिका, सगळं. थोरलीचा गडद निळा युनिफॉर्म शाळेत पोचेपर्यंत फिकट झालेला असायचा आणि वर्गातल्या पोरी तिला काय म्हणायच्या ते सांगायची गरज नाही. पोरगी खमकी, "आमच्या पिठाच्या पोळ्या खाता ना?" म्हणून विचारायची.

मी लग्न होऊन आले २००६ मध्ये. तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज असेल तेव्हा गिरणी, मग ती पहाटे असो नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. माझं माहेर कोरेगावचं, वडील नोकरीत, घरात ठरलेल्या तारखेला पगार यायचा आणि ठरलेल्या तारखेला किराणा भरला जायचा. मी बी.कॉम. झालेली. इथं येऊन बघते तर किराणा, दूध, दवाखाना सगळं एका लाकडी गल्ल्यातून. मामांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती मात्र पैशाची नव्हती. त्यांनी मला दगडाचा आवाज ऐकायला शिकवलं. वरच्या हॉपरमधलं धान्य संपलं की दगडावर दगड रिकामा फिरतो, आवाज कोरडा होतो, आणि तसा तो थोडा वेळ जरी फिरला तरी दगडाची धार जाते. "भात करपला तर दुसरा लावता येतो," मामा म्हणायचे, "दगड करपला तर टाकी लावावी लागती." टाकी लावणं म्हणजे छिन्नीने दगडाला पुन्हा खाचा पाडणं. मी वर कुकर लावत असले, पोरांचा अभ्यास घेत असले, फोनवर बोलत असले तरी माझा एक कान कायम खाली असतो. सासूबाईंचाही असतो. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. टीव्हीवर मालिका चालू असताना आत्या मधेच म्हणतात, "अगं, संपलं बघ," आणि खरंच संपलेलं असतं.

धाकटा झाला तेव्हा ह्या आवाजाची वेगळीच गंमत झाली. २०१४चा त्याचा जन्म. खाली मोटर सुरू असली की वर पाळण्यात गाढ झोपायचा. दुपारी एकला मी गिरणी बंद केली की दोन मिनिटांत जागा! म्हणजे माझी विश्रांतीची वेळ ती त्याची उठायची. माहेरी नेलं तर तो झोपेचना. शेवटी वडिलांनी अंगणातली पाण्याची मोटर लावून त्याला झोपवलं. वरची टाकी भरून वाहिली, शेजारचे विचारायला आले, पण कुणी मोटर बंद करू दिली नाही.

सकाळी आठला शटर वर जातं. त्याआधी दोन डबे, एक शाळेचा आणि एक 'ह्यां'चा. हे एका पतसंस्थेत आहेत. धान्याचाही क्रम ठरलेला असतो. सकाळी स्वच्छ दगडावर तांदूळ, मग ज्वारी-बाजरी, मग गहू, आणि हरभराडाळ अगदी शेवटी, कारण ती दगडाला धरून बसते. एकादशी आणि नवरात्राच्या आधी उपासाच्या दळणाची सकाळ वेगळी ठेवते. त्या दिवशी सगळं झाडून-पुसून घेऊन राजगिरा, शिंगाडा, भगर एवढंच. रात्री डाळ दळून झाली की दगड साफ करायला घरचेच दीड-दोन किलो गहू टाकून काढते. ते पीठ गिऱ्हाइकाला देता येत नाही आणि टाकवत तर नाहीच. ते वर जातं. त्यामुळे आमच्या घरच्या पोळ्या वर्षाचे बारा महिने किंचित बेसनाच्या असतात. धाकटा एकदा मित्राकडे जेवून आला आणि म्हणाला, "त्यांच्या पोळ्या पांढऱ्या असतात, बिघडल्यात का?"

धंद्याचा खर्च घर कसा गिळतं, हे मला पुढे हिशेब मांडल्यावर कळलं असं नाही. रोज ताटात होतंच.

धुळीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. थोरलीला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू व्हायच्या, थांबायच्या नाहीत. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि 'घर कुठं' एवढंच विचारलं. पिठाच्या धुळीने दमा होतो, बेकरीत आणि गिरणीत काम करणाऱ्यांचा तो ओळखीचा आजार आहे. मामांचा खोकला शेवटची काही वर्षं गेलाच नव्हता, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात विडी ओढली नव्हती. आम्ही जिन्याच्या तोंडाशी दार बसवलं, मोठा एक्झॉस्ट लावला, आणि मी मास्क लावून दळायला लागले तेव्हा करोनाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. गिऱ्हाइकं विचारायची, "आजारी आहात का?" मग २०२०च्या टाळेबंदीत सगळेच मास्क लावून आले. गिरणी अत्यावश्यकात मोडत असल्यामुळे ठरवून दिलेल्या तासांत आम्ही चालू होतो. बाहेर चुन्याने गोल आखले होते, त्यात माणसांऐवजी डबे रांगेत उभे असायचे आणि माणसं पलीकडच्या सावलीत. पोरं दोन्ही घरात, शाळा मोबाइलवर, मोबाइल घरात एकच, आणि त्याच मोबाइलवर गिऱ्हाइकांचे पैसे यायचे. धाकट्याच्या बाई कविता शिकवत असताना मधेच चाळीस रुपये आल्याचा मेसेज वाजायचा.

आता सीझनचं सांगते, कारण आमच्या घराचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, शिवरात्रीनंतर सुरू होतं. मार्च ते मे डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर, चटणी. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचं कांदालसूण तिखट. पुण्या-मुंबईकडची माणसं मसाला म्हणतात. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीला, आणि ज्यांच्या घरात तिखट खाणारे आहेत त्यांची वर लवंगी. देठं काढून, दोन-तीन उन्हं दाखवून, तेलाच्या हातावर भाजून बाया मिरच्या आणतात. सोबत धने, जिरे, तीळ, सुकं खोबरं, खसखस, हळकुंडं, दगडफूल, नागकेशर, मसाला वेलदोडे, हिंगाचा खडा, कांदा-लसूण तळून वेगळ्या डब्यात, आणि मीठ. आधी मिरची कुटायची, चाळायची, मग सुका मसाला, ओलं सगळ्यात शेवटी. आणि बाई आपल्या मिरचीपाशीच बसून राहते. तोंडाला पदर गच्च बांधून, डोळ्यांतून पाणी काढत, पण हलत नाही. आपली बेडगी दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून. मला त्याचा कधी राग आला नाही. चार-पाच किलो मिरची म्हणजे आज चांगले पैसे आहेत, आणि वर्षभराची चव त्यात आहे.

मिरचीचा खकाणा दारं लावून थांबत नाही. वरच्या घरात चादरी, पुस्तकं, पोरांचे केस, सगळ्याला तो वास. आणि थोरलीची दहावी होती मार्च २०२४ मध्ये. एक मार्चला पेपर सुरू. तीन महिन्यांतली ही कमाई आमचं उरलेलं वर्ष उचलून धरते, हे पुढे आकड्यांत सांगते. डंक महिनाभर बंद ठेवला असता तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं, आणि चटणीचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या डंकावर गेलं की त्या डंकाचंच होतं. पोरीला कोरेगावला पाठवावं तर केंद्र साताऱ्यात. शेवटी तिनेच वेळ ठरवून दिली. पेपर अकराला, म्हणजे ती दहाला घराबाहेर. मग चटणी अकरा ते चार. ज्या दिवशी पेपर नाही त्या दिवशी ती डबा घेऊन वाचनालयात. चारनंतर डंक बंद, ओल्या फडक्याने सगळं पुसायचं, साडेपाचला ती घरी. मी बाहेर पाटी लावली: "दहावीची परीक्षा चालू आहे. चटणी ११ ते ४."

मला वाटलं होतं भांडणं होतील. सासरे गेले तेव्हा आम्ही गिरणी बंद ठेवली तर चौथ्या दिवशी दारात "कधी उघडणार?" सुरू झालं होतं. माझ्या बाळंतपणात तर एका मावशींनी खाटेवर पडलेल्या मला विचारलं होतं, ज्वारी कधी होईल. पण दहावी म्हटल्यावर सगळी पेठ शहाण्यासारखी वागली. बाया उन्हात अकराला येऊन थांबल्या. एकीने पेढे आणले, पेपर व्हायच्या आधीच. आपल्याकडे जन्म-मृत्यूला नाही एवढा मान बोर्डाच्या परीक्षेला आहे, आणि त्या महिन्यात मला त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

निकाल चांगला लागला. त्यानंतर अकरावीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना थोरलीने विचारलं, "आई, तुझा व्यवसाय गिरणी लिहिलंय. वार्षिक उत्पन्न किती लिहू?"

बाबांचा आकडा तिला पाठ होता. पतसंस्थेतून पगाराची पावती येते. माझा आकडा मलाच माहीत नव्हता, आणि मी बी.कॉम. आहे. म्हणजे धंद्याची उलाढाल माहीत होती. रिटर्नसाठी दरवर्षी सीएंकडे जातं ते माहीत होतं. पण मला काय मिळतं? गल्ल्यातून दूध जातं, गॅस जातो, क्लासची फी जाते, आत्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या जातात, ह्यांच्या गाडीचं पेट्रोल जातं. मामांची पद्धत साधी होती: रात्री गल्ल्यात उरेल तो नफा. त्यात उजेड पडला तो यूपीआयमुळे. त्याआधी सगळी रोकड, आली आणि गेली. आता निम्म्याहून जास्त पैसे खात्यात येतात, त्यामुळे महिनाभराचा छापील कागद हातात येतो. मी तो कागद, उधारीची वही आणि वीजबिलं घेऊन बसले.

सीझन सोडून साधा महिना धरला. रोजचं सरासरी १६० किलो दळण, किलोला ७ रुपये, महिन्याचे २६ दिवस. झाले २९ हजारांच्या आसपास. गिरणीचं मीटर औद्योगिक दराचं, त्याचं बिल स्थिर आकार धरून साडेपाच हजार. पट्टा, बेअरिंग, चाळण्या, कापडी नळ्या, काट्याचं वर्षाचं पासिंग, दगड बदलायला बाजूला काढायचे पैसे मिळून महिन्याला दोन हजार. मदतीला अर्धा दिवस येणाऱ्या ताईंना सात हजार. उरले साडेचौदा हजार. मी खाली उभी असते दिवसाला नऊ तास. भागाकार केला, तासाला ६२ रुपये आले. मग लक्षात आलं की जागेचं भाडं धरलेलंच नाही. शेजारचा गाळा सहा हजाराने गेलाय. तेवढं धरलं की तासाला ३६ रुपये. आणि आत्या गल्ल्यावर बसतात ते तास यात नाहीत, हे रविवारी दगडाला टाकी लावतात ते नाही, थोरली सुट्टीत भाजणीच्या पुड्यांना लेबलं लावते ते नाही. ते धरले तर साध्या महिन्यात आमची गिरणी तोट्यात आहे. सीझनला खर्च जाऊन लाखभर सुटतात, म्हणून वर्षाच्या शेवटी तोंड कोरडं राहत नाही.

ह्याच गिरणीने वरचा मजला बांधलाय. ह्यांच्या बहिणीचं लग्न केलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत कारण जागा घरची, माणसं घरची आणि कुणी पगार मागत नाही. आमच्यासारखे जे जे घरगुती धंदे आजूबाजूला आहेत, पिको-फॉलवाल्या, पोळीभाजी केंद्रवाल्या, इस्त्रीवाले, त्यांनी हा भागाकार करून बघावा असं मला वाटतं. "परवडतं" म्हणून आपण जे म्हणतो ते बऱ्याचदा घरातल्या बाईचे आणि म्हाताऱ्या माणसांचे तास फुकट धरल्यामुळे परवडत असतं.

मी सीएंना विचारलं, मला पगार लावता येईल का? ते म्हणाले, "मालकाला पगार नसतो, ती उचल. करात खर्च म्हणून धरता येत नाही." मी म्हटलं, करासाठी नकोय. तर १ तारखेला मी गिरणीच्या खात्यातून माझ्या खात्यात १२ हजार टाकायला सुरुवात केली. त्या दिवसापासून गल्ल्यातून दूध-भाजी बंद. घरखर्च ह्यांच्या आणि माझ्या पगारातून, ठरवून. बोलायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात धाकटा सवयीने गल्ल्यातून दहा रुपये घ्यायला गेला तर आत्यांनी त्याचा हात धरला. "ते गिरणीचे आहेत." तो म्हणाला, "मग गिरणी कुणाची आहे?" कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. आत्यांनी आपल्या कनवटीचे दहा रुपये काढून दिले.

पगार लावल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे जून-जुलैत दळण उतरतं तेव्हा पगार पूर्ण निघत नाही, हे आधी जाणवायचं नाही कारण घर आपोआप आक्रसायचं. आता वहीत लाल शाईने दिसतं. दुसरी म्हणजे दर. आम्ही दळणाचा दर कसा ठरवायचो? पलीकडच्या आळीतल्या गिरणीची पाटी बघून. ते सहा तर आपण सहा. पलीकडचे काका तर आमच्याहून जुने, त्यांचा दर त्यांनी कुणाची पाटी बघून ठरवला होता देव जाणे. पगार पहिल्यांदा मांडला तेव्हाच मी सहाचे सात केले, वर लिहिलेला हिशेब सातानेच आहे. थोडं गिऱ्हाईक गेलं. काहींनी घरघंटी घेतली, ती घेणारच होते. पाकिटातलं पीठ घेणारे त्याआधीच गेले होते. पण ज्वारी, बाजरी आणि भाजणीवाले कुठे जात नाहीत. बाजरीचं पीठ ठेवलं की कडू होतं, ते थोडं थोडं ताजंच दळावं लागतं, आणि शाळूच्या भाकरीचं ज्याला वेड आहे तो पाकिटाकडे बघत नाही. भोगीच्या आदल्या दिवशी आमच्याकडची रांग बघा.

मशीनचंही थोडक्यात सांगते. चटणीचं नवं मशीन २०२२ मध्ये घेतलं, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना होती, ३५ टक्के अनुदानाची, त्यातून. कागदपत्रं पुष्कळ, पण जिल्ह्याला मार्गदर्शन करणारी माणसं नेमलेली होती, ती बरी भेटली. बँकेत मात्र साहेबांनी दोन प्रश्न विचारले. घरात लहान मूल आहे तर तुम्हाला हे झेपेल का, आणि मिस्टर हमीदार राहतील का. हे शेजारीच बसले होते. त्यांनी पतसंस्थेत आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेत. ते म्हणाले, "राहतो की. पण माझ्या कर्जाला तुम्ही मुलाचं विचारलं नव्हतं." साहेब हसले. सही झाली. हप्ता वेळेवर जातो.

सुट्टी हा आमच्याकडे अवघड विषय आहे. महाबळेश्वर आमच्यापासून दीड-दोन तासांवर, तिथे जाणारे पाहुणे आमच्याकडे उतरतात आणि परत जाताना स्ट्रॉबेरी देऊन जातात. कास तर पंचवीस किलोमीटर. पठारावर फुलं येतात सप्टेंबरात, आणि नेमका तेव्हाच गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीच्या भाजण्या. धाकट्याने कास पाहिलं ते शाळेच्या सहलीत. घरी येऊन मला फुलांची नावं सांगत होता आणि मी अर्धं ऐकत होते, कारण खाली कुणाची तरी ज्वारी संपत आली होती. लोक म्हणतात घरच्या घरी असलं की पोरांना आई मिळते. मिळते, हे खरं आहे. शाळेतून आल्यावर मी असते, पडल्या-झडल्याला असते, ताप आला तर खाली-वर करत का होईना असते. नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे जमत नाही आणि त्या त्यासाठी माझा हेवा करतात. मी त्यांचा हेवा करते तो रविवारी. त्यांचं ऑफिस त्यांच्या जिन्याखाली नसतं. दुपारी अडीचला कुणी खालून "वहिनी, दोनच किलो आहे" असं ओरडत नाही.

ह्या वर्षी ठरवून मंगळवार दुपारनंतर बंद ठेवायला लागले. त्या संध्याकाळी काय करायचं हे पहिले काही मंगळवार कुणाला सुचलं नाही. आम्ही चौघं-पाच जण वर बसून एकमेकांकडे बघत होतो. आत्या म्हणाल्या, "किती शांत आहे, झोप येईना."

मला पगार लागला म्हटल्यावर बाकीच्यांचं काय हा प्रश्न येणारच होता. मीच काढला. आत्या रोज तीन तास गल्ल्यावर बसतात. नुसत्या बसत नाहीत. त्या डब्यावरून माणूस ओळखतात. झाकणाचा पोचा, कडीला बांधलेली चिंधी, बुडाला रंगवलेलं अक्षर, एवढ्यावर कुणाचा डबा, त्यांना गहू बारीक लागतो की जाड, मागची उधारी किती, सगळं सांगतात. हे काम पैसे देऊन कुणी करणार नाही. मी त्यांना महिना दोन हजार द्यायचं ठरवलं आणि भीत भीत पाकीट हातात दिलं, न जाणो अपमान वाटायचा. आत्यांनी नोटा मोजल्या. परत मोजल्या. मग म्हणाल्या, "आणि मागची थकबाकी? अठ्ठ्याऐंशीपास्नंची?"

मी गप्प. त्या हसत होत्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. मामांच्या काळात दोन पोरं काखेत घेऊन त्यांनी ह्याच गल्ल्यावर दिवस काढलेत, पट्टा घसरला तर चढवलाय, आणि कुठल्या अर्जावर त्यांच्या नावापुढे गिरणी लिहिलेली नाही. ते पाकीट त्यांनी भिशीत घातलं. पुढच्या महिन्यात १ तारखेला सकाळी सातलाच त्या खाली येऊन बसल्या होत्या.

थोरली आता बारावीला आहे. भाजणीच्या पुड्यांची लेबलं, नोंदणीचा नंबर, तारीख, हे सगळं ती बघते. तिने गिरणी चालवायची नाही हे तिने आणि मी दोघींनी ठरवलंय, वेगवेगळ्या कारणांनी. पण कामाचे पैसे तिला हवे आहेत आणि तिचा दर ताईंपेक्षा जास्त आहे. "त्या उचलतात, मी डोकं वापरते," असं म्हणाली. मी ते ताईंच्या देखत म्हणायला लावलं. ताई म्हणाल्या, "चालंल, मग येत्या सीझनला मिरचीची पोती डोक्यानंच उचल." ताईंचे पाचशे वाढवले. पोरीचं पुडीमागे दोन रुपयांवर मिटलं.

राहिले हे. दर तिसऱ्या रविवारी रात्री हे टाकी आणि छिन्नी घेऊन दगडापुढे बसतात, दोन-अडीच तास. बाहेरचा कारागीर बोलावला तर सहाशे घेतो. घरात सगळ्यांना पगार सुरू झाल्याचं बघून गेल्या महिन्यात ह्यांनी पतसंस्थेच्या कोऱ्या कागदावर रीतसर बिल करून दिलं. दगड टाकवणे, नग एक, रुपये सहाशे. खाली बारीक अक्षरात "चहा वेगळा". मी ते बिल तपासलं. मागच्या टाकीनंतर पहिल्या दळणात कच आली होती, ते पीठ गुरांना द्यावं लागलं होतं. तेवढे गहू वजा करून साडेचारशे मंजूर केलेत. हे अपिलात गेलेत, आत्यांकडे.